नऊ दिवस, पाच गावं आणि आठ महिन्यांचं बाळ

प्रिय दोन पिल्लांची आई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते : जूनच्या मध्यात तुम्ही सहा जण आल्प्सला निघालाय, तू, नवरा, सासू-सासरे, तीन पूर्ण व्हायला दोन महिने कमी असलेला मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. नवऱ्याने नऊ दिवसांचा प्लॅन केलाय त्यात झुरिक, लुझर्न आणि तिथून टिटलिसचं शिखर, इंटरलाकेन आणि युंगफ्राऊ, मग झरमॅट, मग फ्रान्समध्ये शामोनी आणि तिथून एग्वी दु मिदीचं शिखर. तू विचारतेस, "ताई, हे जमेल का, आणि नाही जमणार तर घरात कसं सांगू, कारण सासऱ्यांचं बर्फातल्या युंगफ्राऊचं खूप वर्षांचं स्वप्न आहे आणि मी नको म्हटलं की सगळे म्हणतील हिच्यामुळे ट्रिप बिघडली."

तर आधी उत्तर देऊन टाकते. ट्रिपला जा, नक्की जा, पण हा प्लॅन नको. पाचाची दोन गावं कर. आणि सासऱ्यांचं युंगफ्राऊ अजिबात कापू नकोस, ते राहू दे, फक्त तिथे सहाच्या सहा जणांनी एकदम जायचं नाही.

शामोनीपासून सुरुवात करते कारण ते सगळ्यात सोपं आहे. एग्वी दु मिदीच्या केबल कारमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. विनंती करून, तिकीट दाखवून काही होत नाही, नियम आहे. शामोनी गाव साधारण 1035 मीटरवर आणि वरचं टोक 3842 मीटरवर, आणि केबल कार हे अंतर वीसेक मिनिटांत चढते, म्हणजे जवळजवळ 2800 मीटरची उडी. तुझा मुलगा तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांचा असेल, मुलगी आठ महिन्यांची, म्हणजे दोघंही बाहेर. त्यासाठी देश बदलून, सामान उचलून, ट्रेन बदलत तिथे जायचं आणि मग दोन मोठ्यांनी खाली मुलांना धरून बसायचं याला काही अर्थ नाही. हे नवऱ्याला सांगताना तुला "मला भीती वाटते" असं म्हणायची गरजच नाही, त्यांचा नियम दाखव, वाद तिथेच संपतो.

असाच एक नियम इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेनला ट्रुमेलबाख धबधब्याचा आहे, डोंगराच्या पोटातून कोसळणारं ग्लेशियरचं पाणी, सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत, बघण्यासारखंच आहे, पण चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, अगदी कॅरिअरमध्ये बांधलेलं असलं तरी. आत बोगदे, ओल्या पायऱ्या आणि कान बधिर करणारा आवाज असतो, त्यामुळे ते बरोबरच आहे. म्हणून बुकिंग करायच्या आधी प्रत्येक ठिकाणाचं वय तपासायचं, विशेषतः केबल कार, डोंगरावरून रुळावर घसरत येणाऱ्या गाड्या आणि धबधबे-गुहा. टूर कंपन्यांच्या ब्रोशरमध्ये हे कुठे लिहिलेलं नसतं.

आता युंगफ्राऊ. लोक जातात ते शिखरावर नाही, शिखराशेजारच्या खिंडीत, युंगफ्राऊयोखला. ते स्टेशन 3454 मीटरवर आहे, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, 1912 पासून चालू आहे, आणि सासऱ्यांना तिथे जायचंय यात मला काहीही चूक दिसत नाही. पण 2020 च्या डिसेंबरात आयगर एक्सप्रेस ही नवी केबल कार सुरू झाली तेव्हापासून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलवरून साधारण पाऊण तासात माणूस वर पोचतो. पाऊण तासात अडीच हजार मीटर! मोठ्या माणसांचंही तिथे डोकं जड होतं, पायऱ्या चढताना दम लागतो, कारण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांशच उरतो. मोठा माणूस म्हणतो डोकं दुखतंय, चला खाली जाऊ. आठ महिन्यांची मुलगी काय करणार, ती रडणार, दूध नाकारणार, उलटी करणार, आणि तुम्ही म्हणणार झोप झाली नाही, दात येतायत, थंडी वाजतेय. लहान मुलांच्या बाबतीत मुख्य अडचण हीच आहे की उंचीचा त्रास आणि रोजची किरकिर दिसायला सारखीच. तिथे बाळांना बंदी नाही, बरेच लोक नेतात आणि बऱ्याच जणांना काही होतही नाही, पण मला विचारशील तर आठ महिन्यांच्या बाळाला मी नेणार नाही आणि तूही नेऊ नकोस. तिला त्यातलं काय दिसणार आहे?

मग करायचं असं की सासू-सासरे आणि नवरा सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या गाडीने वर जातील, तू दोन्ही मुलांबरोबर खाली. मोठ्याला बर्फ दाखवायचाच असला तर त्यालाही बाबाबरोबर पाठव, पण तीन अटी : तिथे राहायला लागून तिसरा-चौथा दिवस उजाडलेला असला पाहिजे, त्याला सर्दी किंवा कानदुखी नसली पाहिजे, आणि वर तास-दीड तासात आटपून खाली यायचं. किरकिर वाढली, खात नाही, उलटी झाली, तर "अजून बर्फात कोरलेला आइस पॅलेस राहिलाय" वगैरे काही नाही, पुढच्या गाडीने खाली. उंचीच्या त्रासावर खाली उतरण्यासारखं औषध नाही. सासू-सासऱ्यांचं बीपी, हृदय, दमा असं काही असेल तर निघायच्या आधी त्यांच्याही डॉक्टरांना उंची सांगून विचार, नुसतं "स्वित्झर्लंडला चाललोय" म्हटलं की डॉक्टर हॅपी जर्नी म्हणून मोकळे होतात, 3454 मीटर हा आकडा सांगायचा. आणि तिकीट महाग आहे, इंटरलाकेनहून जाऊन-येऊन उन्हाळ्यात पूर्ण भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं, त्यामुळे आधीपासून तारीख पक्की करू नका, सकाळी उठून वेबकॅम बघायचा, वर ढग असले तर तो दिवस दुसरं काहीतरी.

आता दोन गावं कुठली ते सांगते. झुरिक एअरपोर्टवर उतरून सरळ ट्रेनने लुझर्न, तासाभराचा प्रवास. तिथे तीन रात्री. मग लुझर्नहून इंटरलाकेनची ट्रेन, ब्रुनिग घाटातून, दोन तासांच्या आत पोचते आणि सगळी तळी आणि हिरवे डोंगर खिडकीतून दिसतात. तिथून पुढे लाउटरब्रुनेन किंवा वेंगेन आणि उरलेल्या सगळ्या रात्री तिथेच. झरमॅट नाही, टिटलिस नाही. झरमॅटचा मॅटरहॉर्न सुंदर आहे, मान्य, पण तो एकच डोंगर बघायला तुम्ही जाणार आणि तो ढगात असला तर दोन दिवस तसेच गेले. टिटलिसला 3000 मीटरवर जायचं आणि परत युंगफ्राऊला 3454 वर जायचं, हे मोठ्यांसाठीसुद्धा तेच तेच आहे.

लुझर्नमध्ये पहिले दोन दिवस काही मोठं ठेवू नकोस. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे मुलं पहाटे तीन-चारला टक्क जागी होणार आणि संध्याकाळी पाचला मान टाकणार. त्याच्याशी भांडायचं नाही, लवकर उठलात तर लवकर बाहेर पडा, तलावाकाठी बदकं बघा. तिसऱ्या दिवशी बोटीने फिट्झनाउ आणि तिथून दातेरी रुळांवरच्या गाडीने रिगी, युरोपातली ही पहिली डोंगर रेल्वे, 1871 ची, वर 1798 मीटर. बाळासाठी हीच उंची योग्य आहे, चारी बाजूला बर्फाची शिखरं दिसतात, तळं दिसतं, आणि कानात दडे बसले तरी गाडी हळूहळू चढते म्हणून सोसवतं. पाऊस लागला तर लुझर्नचं वाहतूक म्युझियम आहे, इंजिनं, विमानं, रॉकेटं, तुझा मुलगा तिथून बाहेर यायला तयार होणार नाही.

वेंगेन की लाउटरब्रुनेन यावर थोडं बोलते, कारण इथेच तुमची ट्रिप ठरणार आहे. वेंगेन 1274 मीटरवर आहे, मोटारींना बंदी, लाउटरब्रुनेनहून पंधरा मिनिटं ट्रेन, गावात मुलगा सुटला तरी धडकी भरत नाही. पण गाव उतारावर आहे, त्यामुळे अपार्टमेंट घेताना स्टेशनपासून किती चालायचं आणि किती चढ आहे हे मालकाला मेल करून विचार, सासूबाईंचे गुडघे आणि स्ट्रोलर दोन्हीचा प्रश्न आहे. लाउटरब्रुनेन खाली दरीत, 800 मीटरच्या आसपास, आणि दरीचा तळ सपाट आहे, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, गावाच्या डोक्यावरच श्टाउबबाख धबधबा, जवळजवळ 300 मीटरची धार जी खाली पोचेपर्यंत वाऱ्याने धुकं होऊन जाते. तिथून श्टेखेलबेर्गच्या दिशेने नदीच्या कडेने स्ट्रोलर ढकलत कितीही चाला, दमलात की पिवळी पोस्ट बस पकडून परत. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर मी लाउटरब्रुनेन घेईन, नसतील तर वेंगेन.

हॉटेल नको, अपार्टमेंट घ्या, किचनवालं. गावातल्या बऱ्याच रेस्टॉरंटची किचनं दुपारी दोन ते सहा बंद असतात, आणि लहान मुलाला नेमकी चार वाजता भूक लागते. वरण-भात, खिचडी, बाळाची पेज, बाटल्या उकळणं सगळं घरात होतं. रविवारी दुकानं बंद, स्टेशनवरची आणि टुरिस्ट गावातली काही सोडून, म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड-डायपर भरून ठेवायचे. डायपर, बाळाचे सिरिअल, फळांच्या प्युरी कोऑप आणि मिग्रोस या सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात, बॅगभर डायपर न्यायची गरज नाही, पहिल्या दोन दिवसांपुरते घे. नळाचं पाणी पितात, गावातल्या कारंज्याचंही, फक्त "पिण्याचं पाणी नाही" अशी पाटी नसेल तर. आणि एक गोष्ट सासूबाईंना आधीच सांगून ठेव, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या नाही. बाळाच्या पावडरच्या दुधाला सूट असते, पण तो डबा सीलबंद ठेव. चटण्या, मेतकूट, भाजणी खुशाल ने.

जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. खोलीला शटर किंवा जाड पडदे आहेत का हे बुकिंगच्या फोटोत बघून घे, नाहीतर दोन्ही मुलं दहा वाजेपर्यंत नाचतील आणि त्यात रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळायची असते, शेजारी खरंच येऊन सांगतात.

रोजचा दिवस कसा असावा? सकाळी एक गोष्ट, दुपारी झोप, संध्याकाळी गावातच. एवढंच. सकाळी यासाठी की आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून गडगडाटी पाऊस पडतो, वरचं सगळं दुपारच्या आत उरकलेलं बरं. एक दिवस वेंगेनहून केबल कारने मेनलिशेन, 2200 मीटरच्या वर, तिथे लाकडी भल्यामोठ्या गाईच्या आकाराचं खेळायचं मैदान आहे आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ तिन्ही ओळीने उभे. तिथून क्लाइने शाइडेगला जाणारी वाट सोपी आहे पण जूनच्या मध्यापर्यंत तिच्यावर बर्फ असू शकतो, उघडी आहे का ते आधी बघा. एक दिवस म्युरेन, तेही मोटारबंद गाव, 1638 मीटर, कड्याच्या काठावर वसलेलं, आणि तिथून वर छोट्या रेल्वेने अल्मेंडहुबेल, तिथेही मुलांसाठी फुलांच्या आकारांचं मैदान आहे, उन्हाळ्यातलं वेळापत्रक कधी सुरू होतं ते बघून घे. सासऱ्यांना सांग, युंगफ्राऊयोखहून युंगफ्राऊचं शिखर अगदी जवळून दिसतं, आणि म्युरेनहून तीच दरीपलीकडे, लांबून दिसते. हे दोन्ही त्यांना मिळू दे.

केबल कारच्या बाबतीत एक, मेनलिशेनची केबल कार पाच-एक मिनिटांत साडेनऊशे मीटर चढते, कान दुखतात. चढताना आणि उतरताना बाळाला अंगावर पाज किंवा बाटली, चुपणी काहीही तोंडात असू दे, मोठ्याला पाण्याचे घोट किंवा खाऊ. उतरताना जास्त दुखतं म्हणून दूध सगळं चढतानाच संपवू नकोस. आणि सर्दीने नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी कोणालाच वर न्यायचं नाही.

पाठीवरच्या कॅरिअरबद्दल मला खूप काळजी वाटते म्हणून नीट सांगते. चढ चढणाऱ्या बाबाला घाम येत असतो, तो म्हणतो उकडतंय, आणि पाठीवरचं मूल मात्र जरासुद्धा हलत नसतं, त्याचे पाय लोंबकळत असतात, पट्ट्यांनी मांड्या दाबलेल्या असतात, वाऱ्यात ते गार पडतं आणि झोपलं असेल तर सांगतही नाही. दर वीस मिनिटांनी थांबून त्याच्या पायांना आणि मानेला हात लावायचा, पायात एक लोकरी मोज्यांचा जोड जास्त घालायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने खाली काढून हालचाल करू द्यायची. जूनमध्येसुद्धा 2000 मीटरच्या वर जॅकेट, टोपी, हातमोजे लागतात. आणि ऊन! थंड वाटतं म्हणून ऊन लागत नाही असं नाही, दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत अंगावर फेकतो. दोघांनाही मोठी टोपी, गॉगल, सनस्क्रीन, बाळ शक्यतो सावलीतच.

वाटांच्या पाट्या बघायला शिकून घ्या, सोप्या आहेत. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट, तिथे तुम्ही जाऊ शकता. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, दगड, अरुंद, कडा असू शकतो, बाळ घेऊन नको. पांढरा-निळा-पांढरा असेल तर सरळ मागे फिरा. पाटीवर लिहिलेली वेळ ही न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसाची असते, तुमच्यासाठी तिची दुप्पट धर, तीन वर्षांचा मुलगा प्रत्येक दगड उचलून बघणार आहे आणि त्याला ते करू द्यायलाच तुम्ही इतक्या लांब आलाय. कुरणात गाई असतील तर लांबून बघायच्या, वासरू बरोबर असेल तर गाय अंगावर येते, आणि कुरणाच्या तारेत वीज असते. खालच्या गवतातून, झाडीतून फिरून आलात की रात्री अंघोळीच्या वेळी मुलांच्या केसांत, कानामागे, जांघेत गोचीड चिकटलीय का बघायचं. त्याच्याबद्दल आणि लसीबद्दल मुलांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेव.

ट्रेनचं मात्र टेन्शन घेऊ नको. सहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. लांब पल्ल्याच्या काही डबल डेकर गाड्यांमध्ये एका टोकाच्या डब्यात वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी आहे, फॅमिली डबा असतो तो, बाहेर चित्र काढलेलं असतं. मोठ्यांसाठी स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस हवा तेवढा प्रवास) की हाफ फेअर कार्ड (तिकिटं अर्ध्या भाड्यात) हे हिशोब करून ठरवा, एकाच गावात इतके दिवस राहणार असाल तर हाफ फेअर कार्ड बरेचदा स्वस्त पडतं कारण रोज लांबचा प्रवास नाही. गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांखालच्या आणि 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे, म्हणजे तुम्हाला दोन, शिवाय घाटातली वळणं आणि उलट्या. मी ट्रेनच म्हणेन.

व्हिसाचं लवकर बघा. बाळाचासुद्धा वेगळा पासपोर्ट, वेगळा अर्ज, आई-बाबा दोघांच्या सह्या. सहा वर्षांखाली व्हिसा फी नाही, सेंटरची सर्व्हिस फी वेगळी लागू शकते, बारा वर्षांखाली बोटांचे ठसे नाहीत. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतोच, पण तुम्ही तेवढ्यावर थांबू नका, डोंगरातून हेलिकॉप्टरने आणायची वेळ आली तर तो खर्च पॉलिसीत आहे का ते वाचा, सासू-सासऱ्यांच्या जुन्या आजारांचं काय तेही वाचा. तिथे अ‍ॅम्ब्युलन्सला 144, हेलिकॉप्टर रेस्क्यूला 1414, हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये.

आता घरात कसं सांगायचं. तू "नको" घेऊन जाऊ नकोस, नवा प्लॅन कागदावर घेऊन जा. नवऱ्याशी आधी एकटीने बोल, त्याने मेहनत घेतलीय, सगळ्यांसमोर त्याचा प्लॅन खोडलास तर तो अडून बसेल. त्याला विचार की पाच वेळा सामान बांधायचं तर स्ट्रोलर, बाळाची बॅग, चार सुटकेसेस आणि दोन झोपलेली मुलं कोण कोण उचलणार, नावं घालून सांग. मग सासऱ्यांशी बोलताना युंगफ्राऊपासून सुरुवात कर, "बाबा, तुमचा दिवस मी मोकळा ठेवलाय, तुम्ही आणि आई निवांत जा, मुलांची घाई नको तुमच्या मागे." हे खरंच आहे, मुलं बरोबर असती तर त्यांना वर जेमतेम तासभर मिळाला असता. आणि एक दिवस असाही ठेव की मुलांना आजी-आजोबा आणि बाबा खाली सांभाळतील आणि तू एकटी वर कुठेतरी जाऊन येशील. पत्रात तू सगळ्यांना काय हवंय ते लिहिलंस, तुला काय बघायचंय ते कुठेच नाही. ते पण प्लॅनमध्ये लिही, तारखेसकट.

अपार्टमेंट सगळ्यात आधी बघ, जूनची किचनवाली चांगली घरं लवकर जातात आणि बरीच शनिवार ते शनिवार अशीच देतात, त्यामुळे विमानाच्या तारखा त्याला धरून घ्या. आणि शामोनीचं हॉटेल, केबल कार काही आधीच बुक झालं असेल तर फ्री कॅन्सलेशनची मुदत कधी संपतेय ते आजच बघ.

तुझी ताई